खाल्लेलं अंगी लागतं का? समुद्रातल्या कोवळ्या प्राणिप्लवकांचा आहार

आपल्याकडे घरोघरी एक तक्रार ऐकू येते, "पोर खातं भरपूर, पण अंगी लागत नाही." आजचं व्याख्यान याच तक्रारीबद्दल आहे. फक्त हे पोर समुद्रातलं आहे आणि त्याची लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी आहे.

समुद्रात प्रवाहाबरोबर वाहत राहणाऱ्या जिवांना आपण प्लवक म्हणतो. त्यातले जे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात ते वनस्पतिप्लवक. हे बहुतेक एकपेशीय शैवाल असतं. त्यांना खाऊन जगणारे ते प्राणिप्लवक. समुद्रात बारीक जाळं ओढलं आणि आत काय आलं ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर बहुतेक वेळा सर्वांत जास्त दिसतात ते कोपेपॉड. कोळंबीचे दूरचे नातेवाईक, तांदळाच्या कणीहूनही लहान, डोक्यावर दोन लांब मिशा. आज आपण मुख्यतः त्यांच्याच पिल्लांबद्दल बोलणार आहोत.

या पिल्लांनी काय खाल्लं याच्याशी आपल्याला काय देणंघेणं? देणंघेणं आहे. पुष्कळ माशांची पिल्लं अंड्यातून बाहेर आली, सोबतचा बलक संपला, की त्यांचे पहिले घास कोपेपॉडच्या पिल्लांचेच असतात. नॉर्वेचे योहान योर्ट यांनी १९१४ मध्येच असं मांडलं होतं की, एखाद्या वर्षी मासे भरपूर येणार की कमी, हे माशांच्या पिल्लांना पहिलं अन्न वेळेवर मिळतं की नाही यावर ठरत असावं. म्हणजे शैवाल, मग कोपेपॉडचं पिल्लू, मग माशाचं पिल्लू, आणि शेवटी आपलं ताट. या साखळीतली सर्वांत नाजूक कडी आज तपासायची आहे.

पिल्लू म्हणजे लहान आकाराचा मोठा प्राणी नव्हे

कोपेपॉडच्या अंड्यातून जे बाहेर येतं त्याला नॉप्लियस म्हणतात. ते आईसारखं अजिबात दिसत नाही. गोलसर अंग, त्याला अवयवांच्या फक्त तीन जोड्या. त्याच जोड्यांनी पोहायचं आणि त्याच जोड्यांनी खायचं. नॉप्लियसच्या सहा अवस्था होतात, मग कोपेपोडाइट नावाच्या पाच, आणि मग प्रौढ. प्रत्येक वेळी कात टाकायची आणि थोडं मोठं व्हायचं. अकार्शिया टोन्सा ही प्रयोगशाळांमध्ये फार वापरली जाणारी जात आहे. चांगलं अन्न आणि उबदार पाणी मिळालं तर ती अंड्यापासून प्रौढापर्यंतचा हा सगळा प्रवास साधारण दोन-तीन आठवड्यांत उरकते.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पिल्लू जन्मल्याबरोबर खात नाही. अकार्शियाचं पिल्लू दुसऱ्या अवस्थेपासून खायला लागतं, कॅलॅनसचं तिसऱ्या अवस्थेपासून. तोपर्यंत ते अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवर जगतं. ही शिदोरी आईने बांधून दिलेली असते. म्हणजे पिल्लाच्या आहाराचा पहिला भाग म्हणजे आईने जे खाल्लं ते.

घास केवढा असावा?

आपल्याला पाणी पातळ वाटतं. एवढ्याशा जिवाला ते मधासारखं दाट वाटतं. त्याने पाय हलवणं थांबवलं की ते जागच्या जागी थांबतं, आपल्यासारखं पुढे घरंगळत जात नाही. पूर्वी समजूत अशी होती की, कोपेपॉड आपल्या केसाळ अवयवांनी चहाच्या गाळणीसारखं पाणी गाळतात आणि जे अडकेल ते खातात. मिमी कोल आणि रूडी स्ट्रिकलर यांनी १९८१ मध्ये अतिवेगवान चित्रण करून दाखवलं की, असं होत नाही. एवढ्या दाट पाण्यात केसांच्या फटींतून पाणी सहज जातच नाही. कोपेपॉड शैवालाच्या कणाभोवतीचं पाणी अवयव उघडून आत ओढून घेतो आणि मग अवयव मिटून तो कण धरतो. म्हणजे हा एकेक घास टिपून खाणारा प्राणी आहे.

आणि तो चव घेतो. १९७८ मध्ये सर्ज पूले आणि त्यांच्या सहकाऱ्याने कोपेपॉडना बारीक कृत्रिम गोळ्या दिल्या. काही गोळ्या साध्या, काहींत शैवालाचा अर्क भरलेला. कोपेपॉडनी अर्काच्या गोळ्या जास्त खाल्ल्या. पूले हे नावही लक्षात ठेवा.

आता आकाराचा मुद्दा. डेन्मार्कमध्ये बेर्गग्रीन, हान्सेन आणि किअर्बे यांनी १९८८ मध्ये अकार्शियाच्या प्रत्येक अवस्थेला वेगवेगळ्या आकाराचं शैवाल देऊन बघितलं. लहानात लहान घासाची मर्यादा सगळ्यांना सारखीच निघाली, २ ते ४ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण वरची मर्यादा वयाप्रमाणे बदलत गेली. खायला नुकतीच सुरुवात केलेल्या पिल्लाला सर्वांत सोयीचा घास साधारण ७ मायक्रॉनचा, आणि १० ते १४ मायक्रॉनच्या वर त्याला जमत नाही. प्रौढाला सोयीचा घास १४ ते ७० मायक्रॉनचा, आणि तो थेट २५० मायक्रॉनपर्यंत जाऊ शकतो. कुठल्याही वयात सोयीचा घास मात्र अंगाच्या लांबीच्या २ ते ५ टक्केच असतो. माणसाच्या उंचीला हा हिशोब लावला तर लिंबापासून मोठ्या लाडवाएवढा घास झाला.

याचा अर्थ काय होतो बघा. समुद्रात लांब साखळ्या करून राहणाऱ्या मोठ्या डायटमचा बहर आला, तर आई पोटभर जेवते आणि त्याच पाण्यात पिल्लू उपाशी राहू शकतं. अन्न मोजणाऱ्या यंत्राला पाणी हिरवं दिसतं, पण पिल्लासाठी त्या पाण्यात अन्न नसतं. म्हणून "पाण्यात शैवाल किती आहे?" एवढं विचारून भागत नाही. ते कुणाच्या तोंडात मावणारं आहे, हेही विचारावं लागतं.

पोट हिरवं, वाढ नाही

घास मावला, अन्न भरपूर असलं, तरी खाण्याला मर्यादा असते. शैवाल वाढवत नेलं की खाणं वाढतं, पण एका टप्प्यानंतर ते वाढायचं थांबतं. त्यापुढे कितीही वाढलंत तरी ताटात पडून राहतं. आम्ही प्रयोगशाळेतली माणसं बराच काळ एवढ्यावर समाधानी असायचो. पोट भरलं आहे ना, मग झालं.

आमचा हा भ्रम एका टाकीने मोडला. आम्ही अकार्शियाची पिल्लं ड्युनालिएला नावाच्या हिरव्या शैवालावर वाढवायला घेतली होती. हे शैवाल वाढवायला अगदी सोपं, आकार पिल्लांच्या तोंडाला बेताचा, पेशीला टणक भिंत नाही. अंडी चांगली उबली. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पिल्लाच्या अंगातून हिरवीगार आतडी दिसत होती. आम्ही खूश. पण दिवस जात राहिले आणि पिल्लं कात टाकेनात. जी टाकत होती ती उशिरा, आणि वरच्या अवस्थांना पोचणारी अगदी थोडी. आम्ही आधी हवेच्या नळीला दोष दिला, मग पाण्याच्या खारटपणाला, मग टाकी नीट धुतली नाही म्हणून एकमेकांना. शेवटी पुढच्या खेपेला सगळं तेच ठेवून फक्त शैवाल बदललं. ऱ्होडोमोनास नावाचं तांबूस शैवाल दिलं. पिल्लं वाढली. टाकी, पाणी, हवा यांचा काही दोष नव्हता. दोष आमच्या "पोट भरलं म्हणजे झालं" या समजुतीचा होता.

या दोन शैवालांत फरक काय? पहिला फरक मेदाम्लांचा. माशाच्या तेलाच्या गोळीच्या डबीवर दोन नावं छापलेली असतात, डीएचए आणि ईपीए. पेशींची आवरणं, मज्जासंस्था, डोळे यांसाठी ही मेदाम्लं लागतात. मासे ती बहुतांशी स्वतः बनवत नाहीत. ती मुळात शैवालात तयार होतात आणि एकाने दुसऱ्याला खाल्लं की पुढे सरकतात. ऱ्होडोमोनासमध्ये दोन्ही आहेत. ड्युनालिएलात जवळजवळ नाहीत. डायटममध्ये ईपीए भरपूर असतं, डीएचए कमी. आयसोक्रायसिस नावाच्या सोनेरी शैवालात उलट, डीएचए चांगलं आणि ईपीए कमी.

दुसरा फरक स्टेरॉलचा. कात टाकण्याचं संप्रेरक स्टेरॉलपासून बनतं आणि कवचधारी प्राण्यांना स्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. नीलहरित जिवाणूंमध्ये ते नसतं. म्हणून फक्त त्यांच्यावर वाढणाऱ्या पिल्लाची गाडी अडते.

तिसरी गोष्ट अधिक फसवी आहे. शैवालाची जात तीच, पण त्याची तब्येत वेगळी. शैवालाच्या पाण्यातलं नायट्रोजन किंवा फॉस्फरस संपत आलं तरी ते प्रकाशात कार्बन गोळा करतच राहतं. पेशी दिसते गुबगुबीत, पण आत स्टार्च किंवा तेल जास्त आणि बाकीचं कमी. म्हणजे नुसत्या भातावर पोट भरल्यासारखं. वाढत्या पिल्लाला फॉस्फरस फार लागतं, कारण पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोममध्ये ते भरपूर असतं आणि झपाट्याने वाढायचं तर रायबोसोम भरपूर हवेत. उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटावरच्या जर्मन संशोधकांनी अकार्शियाच्या पिल्लांना फॉस्फरस कमी असलेलं ऱ्होडोमोनास दिलं. वाढ खुंटली. पुढे चांगलं अन्न दिलं तरी ते नुकसान भरून आलं नाही. बालपणीची उपासमार पोटभर जेवूनही होऊ शकते आणि ती मागाहून फिटत नाही, हा त्या प्रयोगाचा धडा.

त्याच गटाने २०१६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. नॉप्लियसना निवड दिली तर ते फॉस्फरसने समृद्ध पेशी जास्त टिपतात, आणि तेच पिल्लू मोठं झालं की नायट्रोजनने समृद्ध पेशींकडे वळतं. म्हणजे एवढासा जीवसुद्धा त्या-त्या वयाला जे लागतं ते शोधून खातो. अर्थात ताटात निवडायला काही असेल तर!

डायटमचं भांडण

आता ज्या विषयावर समुद्रशास्त्रज्ञ बरीच वर्षं भांडले, तिकडे येऊ. पाठ्यपुस्तकात तुम्ही वाचलं असेल, वसंतात डायटमचा बहर येतो, कोपेपॉड तो खातात, मासे कोपेपॉड खातात. डायटम म्हणजे समुद्रातलं कुरण. पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवलं गेलं.

१९९४ मध्ये सर्ज पूले, आद्रियाना यानोरा आणि सहकाऱ्यांनी एक अडचणीचा प्रश्न विचारला, डायटम खाल्लेल्या मादीच्या अंड्यांमधले भ्रूण वाढायचे थांबतात का? चवीच्या गोळ्या देणारे पूले ते हेच. पुढे १९९९ मध्ये इटलीतल्या नेपल्सच्या प्राणिशास्त्रीय केंद्राच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये उत्तर छापलं. काही डायटममध्ये अल्डिहाइड प्रकारची रसायनं तयार होतात आणि ती भ्रूणांच्या पेशींचं विभाजन थांबवतात. समुद्रातही त्यांनी मोजणी केली. डायटमचा बहर असताना कोपेपॉडची फक्त १२ टक्के अंडी उबली, बहर ओसरल्यावर ९० टक्के.

गंमत अशी की, अखंड पेशीत ही रसायनं तयार पडलेली नसतात. पेशी फुटली की तिच्याच मेदाम्लांपासून ती लगेच तयार होतात. कांदा चिरल्यावर डोळ्यांत पाणी यावं, तसंच. खाणाऱ्या मादीला फारसं काही होत नाही. ती जेवते, अंडी घालते. फटका पुढच्या पिढीला बसतो. २००४ मध्ये याच गटाने दाखवलं की, स्केलेटोनेमा हा डायटम खाल्लेल्या कॅलॅनस मादीची पिल्लं अंड्यातून बाहेर आली तरी त्यांच्यात व्यंगं असतात आणि ती मोठी होऊ शकत नाहीत. मघाशी आपण शिदोरीबद्दल बोललो ना, ही ती शिदोरी.

पण थांबा. मधल्या काळात, २००२ मध्ये, 'नेचर'मध्येच शाबियेर इरिगोयेन आणि अनेक देशांतल्या सहकाऱ्यांचा निबंध आला होता. जगभरातल्या डायटमबहुल अशा १२ क्षेत्रांत त्यांनी पाहिलं. डायटम जास्त म्हणून अंडी कमी उबतात, असा संबंध एकाही ठिकाणी सापडला नाही.

मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. प्रयोगशाळेत कोपेपॉडला एकाच जातीचा डायटम मिळतो, ताटात दुसरं काही नसतं. समुद्रात बहुतेक वेळा थाळी मिश्र असते आणि कोपेपॉड टिपून खातो. सगळे डायटम अल्डिहाइड बनवत नाहीत. एकाच जातीचे दोन वाणही त्या बाबतीत वेगळे निघतात. एकाच जातीचा दाट बहर येतो आणि तोही नेमका बाधणारा, तेव्हा समुद्र प्रयोगशाळेसारखा वागतो. एरवी नाही. म्हणून "डायटम चांगले की वाईट?" हा प्रश्न "धान्य चांगलं की वाईट?" असं विचारण्यासारखा आहे. कुठलं, किती, कशाबरोबर आणि कुणाला, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

टाक्यांमधला अनुभव

याची साक्ष मत्स्यबीज केंद्रांत मिळते. जपानमध्ये मोतोसाकु फुजिनागा यांनी १९३० च्या दशकात कुरुमा कोळंबीची अंडी बंदिस्त पाण्यात मिळवली. पिल्लं निघायची, पण खायची वेळ आली की मरायची. उत्तर सापडलं ते एका डायटममध्ये. कोणत्या? स्केलेटोनेमात! नेपल्समध्ये कॅलॅनसच्या पिल्लांना भोवलेलं हेच नाव. इथे त्याच नावाच्या डायटमवर कोळंबीची पिल्लं तरली, आणि जगभरच्या कोळंबी बीजोत्पादनाचा पाया तिथे पडला. फरक लक्षात घ्या. तिथे आईने तेवढंच खाऊन अंडी घातली होती, इथे पिल्लांनी ते थेट खाल्लं. प्राणी वेगळा, वय वेगळं, बहुधा वाणही वेगळा.

साधारण त्याच सुमारास आइल ऑफ मॅनवरच्या पोर्ट एरिन इथे मेरी पार्क यांनी एक सोनेरी शैवाल वेगळं काढलं. पाचेक मायक्रॉनचं, भिंत नसलेलं. कालवांच्या पिल्लांना ते मानवलं. १९४९ मध्ये त्यांनी त्याचं नाव ठेवलं आयसोक्रायसिस गॅल्बाना. आज कालवांच्या बीज केंद्रांत बहुधा आयसोक्रायसिस आणि कीटोसेरॉस हा डायटम एकत्र देतात. एकात डीएचए, दुसऱ्यात ईपीए. आपण वरण आणि भात एकत्र खातो, त्यातलाच प्रकार.

आपल्या दारातला समुद्र

शेवटी अरबी समुद्राकडे येऊ. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटमचे बहर येत. अलीकडच्या दशकांत तिथे हिरव्या नॉक्टिलुकाचे मोठे बहर दिसू लागले. हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हा बदल सविस्तर मांडला. तो कशामुळे झाला यावर मतभेद आहेत. आपल्या विषयापुरतं एवढं पुरे की, नॉक्टिलुका नुसत्या डोळ्यांना कणासारखी दिसते इतकी मोठी, आणि ती स्वतःच डायटम खाते. नॉप्लियसच्या तोंडात ती मावण्याचा प्रश्नच नाही. तिला खातात ते साल्प आणि जेलीफिशसारखे प्राणी. म्हणजे पाणी हिरवंच राहतं, उपग्रहाला हिरवंच दिसतं, पण पंगत बदललेली असते. नेहमीचे जेवणारे बाहेर आणि भलतेच आत. मासेमारीवर जगणाऱ्या माणसाला याची काळजी वाटली पाहिजे, आणि आपल्यालाही.

तेव्हा समुद्रात "अन्न किती?" हा पहिला प्रश्न आहे, शेवटचा नाही. पिल्लाच्या तोंडात मावतं का, त्यात वाढीला लागणारं आहे का, आईच्या जेवणातून काही बाधलं आहे का, हे पुढचे प्रश्न. एवढं विचारलं, तरच खाल्लेलं अंगी लागेल की नाही, ते सांगता येतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: बीज केंद्रासाठी एकच सर्वोत्तम शैवाल कोणतं?*

असं एक नाही. कोपेपॉडसाठी एकच घ्यायचं तर आम्ही ऱ्होडोमोनास घेऊ, पण ते जोपासायला नखरेल आहे. दोन-तीन जातींचं मिश्रण अधिक भरवशाचं. आणि जातीइतकंच त्याचं वय बघा. वाढीच्या भरातलं शैवाल द्या, टाकीत शिळं झालेलं नको.

*प्रश्न: शैवालाची कोरडी पावडर चालेल का?*

अडीअडचणीला चालते. पण सुकवलेल्या पेशी पाण्यात गेल्यावर पाझरतात, तळाशी बसतात, पाणी नासवतात. आपलं पिल्लू पाण्यात तरंगणारा ताजा घास टिपणारं आहे. तळाशी बसलेलं अन्न त्याच्या दृष्टीने अन्नच नव्हे.